प्रयोगशाळेपासून काजूच्या कारखान्यापर्यंत

१. कारखानदाराचा साधा प्रश्न

वेंगुर्ल्याला फळ संशोधन केंद्र आहे, मुळद्याला उद्यानविद्या महाविद्यालय आहे, कणकवलीजवळ अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, मालवणला शासकीय तंत्रनिकेतन आहे. मग काजूचा छोटा कारखाना चालवणाऱ्या माणसाला बी फोडताना गराचे तुकडे फार पडत असतील, तर ते कमी कसे करायचे हे विचारायला त्याने नेमके कुणाकडे जायचे? वरवर किरकोळ वाटणारा हा प्रश्न नीट सोडवू गेले की विद्यापीठे आणि उद्योग यांच्या संबंधाचा सगळा गुंता त्यात सापडतो. अख्खा गर आणि तुकडा यांच्या भावात मोठा फरक असतो. तुकडे थोडे कमी झाले तरी हंगामाचा नफा बदलतो. बीतली ओल, उकडण्याचा वेळ, वाळवण, फोडण्याच्या यंत्राचे पाते आणि बीचा आकार या सगळ्यांवर ते अवलंबून असते, म्हणजे प्रश्न पुरता शास्त्रीय आहे. त्याचे उत्तर शोधू शकतील अशी माणसेही तासाभराच्या अंतरावर आहेत. तरीही कारखानदार शेवटी यंत्र विकणाऱ्याला किंवा शेजारच्या कारखानदाराला विचारतो.

यावर दोन ठरावीक स्पष्टीकरणे ऐकू येतात. एक, प्राध्यापकांना प्रत्यक्षातल्या कामाशी देणेघेणे नसते. दुसरे, आपल्या उद्योजकांना संशोधनाची किंमत कळत नाही. दोन्हींत दोष माणसांवर जातो, आणि म्हणूनच दोन्ही अपुरी आहेत. याच सिंधुदुर्ग जिल्ह्यात संशोधन आणि व्यवसाय यांचे उत्तम जमल्याचे दाखले आहेत आणि अजिबात न जमल्याचेही आहेत, आणि दोन्हीकडे माणसे त्याच प्रकारची होती. फरक कशाने पडला, ते या प्रकरणात पाहू.

२. सहकार्याचे दोन प्रकार

विद्यापीठ आणि उद्योग यांचे सहकार्य म्हटले की एखादी मोठी कंपनी, तिने दिलेला निधी, करारावर सह्या आणि शेवटी पेटंट असे चित्र डोळ्यांपुढे येते. महाराष्ट्रात या प्रकाराचा जुना आणि यशस्वी नमुना आहे. मुंबई विद्यापीठाने १९३३ साली रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग सुरू केला. माटुंग्याची आजची रसायन तंत्रज्ञान संस्था ती हीच. तिथले प्राध्यापक कारखान्यांना सल्ला देत, कारखान्यांतले प्रश्न विद्यार्थ्यांच्या प्रबंधांचे विषय होत आणि तिथून शिकून बाहेर पडलेल्यांनी पुढे स्वतःच रसायनांचे उद्योग उभे केले. हे जमले, कारण शहरात दोन्ही बाजू तयार होत्या. कारखान्यांत शिकलेले रसायनतज्ज्ञ होते. त्यांना आपली अडचण शास्त्राच्या भाषेत मांडता येत होती आणि तिच्या उत्तरासाठी पैसे मोजण्याची कंपनीची ऐपत होती. याला आपण थेट सहकार्य म्हणू.

दुसऱ्या प्रकारात फायदा एका कंपनीचा नसतो, साऱ्या व्यवसायाचा असतो. नवी जात, रोगावरचा उपाय, निर्यातीच्या तपासणीची पद्धत, मासेमारीच्या जाळ्यातली सुधारणा ही त्याची उदाहरणे. याचा खर्च सहसा सरकार करते, कारण तो एकट्याने करण्यात कुणाचेच हित नसते. त्याचा हिशेब मांडून पाहा. समजा, काजूबी उकडण्याची योग्य पद्धत ठरवण्यासाठी एका हंगामाचे प्रयोग करायला ६ लाख रुपये लागतात. छोट्या कारखान्याला हा खर्च झेपणार नाही. ६० कारखाने एकत्र आले, तर प्रत्येकी १० हजारच पडतात. पण उत्तर एकदा मिळाले की ते लपून राहत नाही. साठावा कारखानदार पैसे न देताही ते वापरू शकतो. तसा विचार प्रत्येकाने केला तर प्रयोग होतच नाही, आणि साठही जण जुन्याच पद्धतीने तुकडे पाडत राहतात. अशा कामाला म्हणूनच कुणीतरी गोळा करणारे लागते, मग ती सहकारी संस्था असो, संघ असो किंवा शासन. याला सामूहिक सहकार्य म्हणू.

३. सिंधुदुर्गाला कोणता प्रकार लागू पडतो?

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झालेल्या या जिल्ह्यात कुडाळची औद्योगिक वसाहत आहे, पण जिल्ह्याचा खरा उद्योग तेवढ्यापुरता नाही. घराच्या मागच्या पडवीत चालणारे काजूचे युनिट, आमसुलाचा आणि कोकम सरबताचा घरगुती धंदा, देवगडच्या हापूसच्या बागा, मालवण-वेंगुर्ल्याच्या होड्या, सावंतवाडीचे लाकडी कामाचे कारागीर असा तो हजारो हातांत विखुरलेला आहे. यांपैकी बहुतेकांकडे प्रयोगशाळा तर नाहीच, पण अडचण लिहून काढायला पगारी माणूसही नाही. कंपनी कायद्याने २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचा २ टक्के भाग समाजासाठी खर्च करावा लागतो, आणि तो सरकारी विद्यापीठांतल्या संशोधनालाही देता येतो. पण ही अट ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा असलेल्या कंपन्यांना लागू होते. पडवीतल्या कारखान्याला तिचा थेट उपयोग नाही.

एकूण देशातही संशोधनाच्या खर्चात खासगी उद्योगांचा वाटा साधारण एक तृतीयांशाच्या आसपासच आहे. दक्षिण कोरिया, जपान, अमेरिका या देशांत तो ७० टक्क्यांच्या वर जातो. मुंबई-पुण्यातल्या मोठ्या कंपन्याही जिथे हात आखडता घेतात, तिथे जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेल्या ओरोसच्या आसपासच्या उद्योगाकडून थेट सहकार्याची अपेक्षा धरणे म्हणजे नसलेल्या गोष्टीवर योजना उभारणे होय. या जिल्ह्यासाठी नमुना घ्यायचा तो सामूहिक सहकार्याचा. तो इथे नवा नाही, एकदा फार चांगला जमलेला आहे.

४. वेंगुर्ल्याच्या काजूने काय शिकवले?

डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी दापोलीला स्थापन झाले. वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र त्याच्याही आधीपासूनचे आहे. या केंद्राने काजूच्या ज्या जाती दिल्या, त्यांतली १९८१ ची वेंगुर्ला-४ आणि १९९७ ची वेंगुर्ला-७ या दोन सर्वांत जास्त लोकप्रिय झाल्या. वेंगुर्ला-४ च्या आईबापांपैकी एक मिदनापूर रेड, म्हणजे बंगालकडचे झाड, आणि दुसरे वेतोरे-५६, म्हणजे वेंगुर्ले तालुक्यातल्याच वेतोरे गावचे निवडक झाड. गावातल्या एका झाडाचा गुण हेरून त्याची नोंद ठेवणे आणि दूरच्या वाणाशी त्याचा संकर करणे या कामात स्थानिक माहिती आणि शास्त्र एकत्र आले.

या जाती निवडताना झाडाला किती फळ लागते एवढेच पाहिले नव्हते. बीचे वजन किती आणि बीतून गर किती टक्के निघतो, हेही पाहिले होते. या दोन गोष्टी शेतकऱ्यापेक्षा कारखान्याच्या कामाच्या आहेत. वेंगुर्ला-४ ची बी सरासरी ७.७ ग्रॅमची, गराचे प्रमाण ३१ टक्के. वेंगुर्ला-७ ची बी १० ग्रॅमची, गर ३०.५ टक्के. आता समजा, एका कारखान्यात गावठी झाडांची ५ ग्रॅमची बी येते आणि तिच्यातून २५ टक्के गर निघतो. अशा एक टन बीत २ लाख बिया असतात. प्रत्येक बी कुणीतरी, बहुतेक वेळा एखादी बाई, पायाने आणि हाताने चालणाऱ्या यंत्रावर फोडते आणि २ लाख बिया फोडून २५० किलो गर मिळतो. वेंगुर्ला-७ च्या एक टनात १ लाखच बिया. फोडणे निम्म्यावर आले आणि गर मात्र ३०५ किलो, म्हणजे ५५ किलो जादा. प्रत्यक्षात ओल, खराब बी आणि तुकडे यांमुळे हे आकडे खालीवर होतात, पण हिशेबाची दिशा तीच राहते. शिवाय गर मोठा असला की त्याची प्रत वरची ठरते. काजूगराच्या बाजारात डब्ल्यू-१८०, डब्ल्यू-३२० अशा प्रती असतात, आणि हा आकडा एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, किती अख्खे गर मावतात ते सांगतो. आकडा जितका लहान, तितका गर मोठा आणि भाव जास्त.

वेंगुर्ल्याच्या शास्त्रज्ञांनी एकाही काजू कारखान्याशी करार न करता कारखान्याची गरज जातीतच उतरवली होती. पण चांगली जात तयार झाली म्हणजे ती शेतापर्यंत पोहोचली असे होत नाही. काजूच्या झाडाचे बी पेरले तर आईबापांचे गुण जसेच्या तसे उतरत नाहीत, त्यामुळे कलमेच लागतात. इथे दोन गोष्टी जुळून आल्या. कोवळ्या खुंटावर करायच्या मृदुकाष्ठ कलमाची पद्धत कोकणातल्या रोपवाटिकांनी उचलली आणि गावोगावच्या रोपवाटिकावाल्यांचे त्यावर घर चालू लागले. आणि १९९० पासून महाराष्ट्र शासनाने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आणली. तिच्यात लागवडीसाठी पूर्ण अनुदान होते, त्यामुळे कातळावर आणि वरकस जमिनीवर काजू-आंब्याच्या बागा उभ्या राहिल्या. केंद्राने जात दिली, रोपवाटिकेने ती वाढवली, योजनेने तिचा खर्च उचलला आणि कारखान्याने तिचे मोल दिले. या चार कड्यांतली एक जरी निखळली असती, तरी वेंगुर्ला-४ हे संशोधन केंद्राच्या अहवालातले एक नाव राहिले असते.

५. चांगले संशोधन अडकते कुठे?

कडी निखळली की काय होते, याचीही उदाहरणे इथलीच आहेत. हापूसच्या गरात साका होतो, म्हणजे बाहेरून फळ निर्दोष दिसते आणि कापल्यावर आत फिकट, आंबट, स्पंजासारखा भाग सापडतो. ही तक्रार बागायतदार आणि गिऱ्हाईक दोघांची. याच केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ साली साका न होणारी रत्ना ही जात दिली. पुढे रत्ना आणि हापूस यांच्यापासून १९९२ साली सिंधू ही अगदी पातळ कोयीची जात काढली. शास्त्राच्या कसोटीवर दोन्ही उत्तम, तरी त्यांनी हापूसची जागा घेतली नाही. मुंबईच्या बाजारात हापूस या नावाला आणि चवीला जी पत आहे, ती नव्या फळासाठी नव्याने कमवावी लागते. त्यासाठी पेटी, जाहिरात, दुकानदार आणि कित्येक हंगामांचा धीर लागतो. संशोधन केंद्राकडून हे काम होण्याची अपेक्षाच नव्हती, आणि ते अंगावर घेणारे दुसरेही कुणी नव्हते.

बोंडूचा, म्हणजे काजूबीला जोडलेल्या रसाळ फळाचा, प्रश्न याहून मोठा आहे. काजूबीच्या मानाने बोंडूचे वजन साधारण सहा ते आठ पट भरते. जिल्ह्यात काजू जेवढा पिकतो, त्याच्या कैक पट बोंडू झाडाखाली पडून कुजतो. गोव्यात त्याची फेणी होते, आणि तिला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांकही मिळाला. इकडे सरबत, सिरप, जॅम अशा पदार्थांच्या कृती कृषी विद्यापीठांकडे तयार आहेत. रसातल्या टॅनिनमुळे घसा खवखवतो, पण रसात साबुदाण्याची पेज घातली की टॅनिन खाली बसते, हेही माहीत आहे. तरीही हा धंदा छोटाच राहिला आहे. बोंडू झाडावरून पडल्यावर दिवसभरात खराब होऊ लागतो, बागा डोंगरउतारावर विखुरलेल्या आहेत आणि हंगाम जेमतेम तीन महिन्यांचा. केवळ बोंडूसाठी कुणी यंत्रे बसवली तर ती नऊ महिने बंद राहणार आणि बँकेचे व्याज मात्र बारा महिने चालणार. म्हणजे अडचण रसाच्या रसायनशास्त्रात नाही, ती गोळा करण्यात आणि हंगामात आहे. बोंडू, मग कोकम आणि आंब्याचा गर, पावसाच्या सुरुवातीला फणस आणि करवंद अशी वेगवेगळी फळे एकाच यंत्रावर कशी घेता येतील, प्रत्येकासाठी काय बदलावे लागेल आणि बोंडू चार-पाच तासांत आणायला गावात कुठे केंद्र लागेल, हे प्रश्न कृती शोधण्याइतकेच संशोधनाचे आहेत. पण ते कुठल्याही एका विभागाच्या अभ्यासक्रमात बसत नाहीत. उद्यानविद्या, यंत्रशास्त्र आणि हिशेब या तिन्हींच्या सीमेवर ते पडून राहतात.

६. कंपनी, बागायतदार आणि विद्यापीठ : तिघांचे हित वेगळे

सहकार्य म्हणजे सगळ्यांचे हित एक, असे समजणे चुकीचे आहे. हापूसच्या बागेतल्या कल्टारवरून हे स्पष्ट होते. हापूस एक वर्ष भरभरून देतो आणि पुढच्या वर्षी रुसतो. पॅक्लोब्युट्रॅझोल हे रसायन झाडाची पालवीची वाढ रोखते आणि मोहोर लवकर व नियमित आणते. रसायन कंपनीचे, बाजारातले त्याचे प्रसिद्ध नाव कल्टार. पण कोकणच्या जमिनीत हापूसला ते किती, केव्हा आणि कसे द्यायचे, हे कृषी विद्यापीठाने प्रयोग करून ठरवले. पावसाळ्याच्या मध्यावर, झाडाच्या विस्ताराच्या व्यासाच्या दर मीटरला ०.७५ ग्रॅम, म्हणजे बाजारातल्या २५ टक्के द्रावणाचे ३ मिली. ८ मीटर व्यासाच्या झाडाला २४ मिली झाले. सोबत झाडाला पुरेसे खतही द्यायचे, कारण जादा फळ झाडाच्या साठ्यातूनच येते.

आता यात कोण काय पाहतो? कंपनीला जास्त बाटल्या खपायला हव्यात. बाग कराराने घेणाऱ्याला याच हंगामाचे पीक हवे असते, कारण पुढच्या वर्षी बाग त्याच्याकडे असेलच असे नाही. झाड लावणाऱ्या घराला ते नातवंडांपर्यंत टिकायला हवे. या तिघांत जास्त मात्रेचा मोह दोघांना होऊ शकतो आणि त्याचा भार झाडावर आणि त्याच्या मालकावर पडतो. अशा ठिकाणी विद्यापीठाचे मोल एवढेच की त्याला बाटल्या विकायच्या नाहीत आणि बागही करारावर घ्यायची नाही. त्याने सांगितलेल्या मात्रेवर लोक विश्वास ठेवतात, तो या अलिप्तपणामुळे. उद्योगाशी जवळीक हवीच, पण ती इतकी नको की हा अलिप्तपणा विकला जाईल.

समुद्रातही असाच ताण आहे. ट्रॉलच्या जाळ्याच्या मागच्या पिशवीची नेहमीची शंकरपाळ्याच्या आकाराची आस, म्हणजे छिद्र, ओढताना आवळून बंद होते आणि लहान पिल्लेही अडकतात. चौकोनी आस उघडी राहते आणि पिल्ले निसटतात. मत्स्यशास्त्रज्ञांनी सुचवलेल्या या जाळ्याचा प्रचार सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने चाललेल्या सागरी जैवविविधता प्रकल्पात झाला. पण पिल्ले सोडणाऱ्या एका होडीचे आज नुकसान होते आणि पुढच्या वर्षीचे मासे सगळ्यांच्या जाळ्यात येतात. असे संशोधन एकेकट्याला पटवून चालत नाही. ते सगळ्यांना सारखे लागू करणारा नियम आणि तो पाळला जातो की नाही हे पाहणारी यंत्रणा लागते.

७. मधला दुवा

मृदुकाष्ठ कलम करणाऱ्याला ठाऊक असते की चांगला खुंट आणि चांगली कलमकाडी एवढ्याने कलम होत नाही. दोन्हींची जाडी जुळावी लागते, काप एकमेकांवर नीट बसावे लागतात, आणि सांधा जुळेपर्यंत पट्टी घट्ट बांधून सावलीत काही आठवडे राखण करावी लागते. सिंधुदुर्गात खुंट आहे, म्हणजे इथल्या मातीत रुजलेला व्यवसाय. कलमकाडी आहे, म्हणजे संशोधन. पट्टी बांधून राखण करायला मात्र कुणी नेमलेले नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की अशा जिल्ह्यात सर्वांत मोठी उणीव प्रयोगशाळेची किंवा पैशाची नाही. छोट्या व्यवसायाचा प्रश्न शास्त्राच्या भाषेत मांडून योग्य ठिकाणी नेणारी आणि उत्तर कारखान्यात चालू होईपर्यंत मागे लागणारी माणसे नाहीत, ही ती उणीव आहे.

ही उणीव आपल्या संस्थांच्या रचनेतून आली आहे. भारतातली कृषी विद्यापीठे अमेरिकेतल्या नमुन्यावर उभी राहिली. तिथे १८६२ च्या कायद्याने राज्याराज्यांत शेतकी शिक्षणाची महाविद्यालये, १८८७ च्या कायद्याने संशोधन केंद्रे आणि १९१४ च्या कायद्याने गावात जाऊन सांगणारी विस्तार सेवा सुरू झाली. शिकवणे, शोधणे आणि पोहोचवणे ही तिन्ही कामे एका छपराखाली आणण्याची ती कल्पना होती. आपण तिन्ही घेतली, पण पोहोचवायचे ते शेतकऱ्यापर्यंत असे धरले. किर्लोसचे कृषी विज्ञान केंद्र शेतकऱ्यासाठी आहे. ओरोसचे जिल्हा उद्योग केंद्र कारखानदारासाठी आहे, पण त्याचे मुख्य काम नोंदणी, कर्ज आणि अनुदान यांचे. अभियांत्रिकी महाविद्यालयाचे काम पदवी देण्याचे. शेतमाल कारखान्याच्या दारात शिरला की तो कृषी खात्याचा राहत नाही आणि उद्योग खात्याच्या दृष्टीने तो अजून तांत्रिक विषय झालेला नसतो. नेमक्या त्या उंबऱ्यावर प्रश्नाला कुणी वाली उरत नाही.

दुवा नेमला की काय होते, ते चिलीने दाखवले. १९७६ साली चिलीचे सरकार आणि एक अमेरिकन कंपनी यांनी मिळून फुंदासिओन चिले ही संस्था काढली. चिलीच्या थंड समुद्रात सॅल्मन मासा पाळता येईल असे संशोधक म्हणत होते, पण त्यात पैसा घालायला फारसे कुणी धजत नव्हते. संस्थेने अहवाल लिहून न थांबता १९८० च्या दशकात स्वतःच सॅल्मनची कंपनी काढली, ती चालवून दाखवली आणि १९८८ मध्ये विकून टाकली. तोवर इतर उद्योजकांनी धंदा पाहिला होता, शिकून घेतला होता. चिली पुढे सॅल्मनचा जगातला एक मोठा उत्पादक झाला. याच उद्योगात २००७ साली विषाणूजन्य रोगाची मोठी साथ आली आणि दाटीवाटीने मासे पाळण्याची किंमत मोजावी लागली. म्हणून चिलीकडून दोन धडे घ्यायचे. जोखीम कुणीतरी आधी अंगावर घेतली तर उद्योग उभा राहतो. आणि उद्योग उभा राहिला म्हणजे शास्त्राचे काम संपत नाही, त्याच्यावर नजर ठेवावी लागते.

नजर ठेवण्याची गरज आपल्यालाही कळलेली आहे. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने फळमाशी सापडल्यामुळे भारतीय आंब्यावर बंदी घातली आणि ती २०१५ च्या हंगामाआधी उठवली. त्या दरम्यान फळ ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवण्याची प्रक्रिया, पॅकहाऊसची तपासणी आणि बागेतल्या सापळ्यांचा वापर यांवर भर द्यावा लागला. फळमाशीसाठी कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा होताच. पण बंदी येईपर्यंत बाग, पॅकहाऊस आणि निर्यातदार हे एका साखळीत बांधले गेले नव्हते. संकटाने जी साखळी घाईने जोडायला लावली, ती आधी जोडणे स्वस्त पडते.

८. आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप असा की विद्यापीठ उद्योगाचे प्रश्न सोडवू लागले तर मूलभूत संशोधन मागे पडेल. भीती खरी आहे. पण वेतोरे-५६ हे झाड निवडून त्याची नोंद ठेवली गेली, तेव्हा कारखान्याची मागणी पुढे ठेवून कुणी बसले नव्हते. उत्तम उपयोजित संशोधनाच्या तळाशी असे धीराचे, लगेच फळ न देणारे काम असते. म्हणून प्राध्यापकांचा सगळा वेळ उद्योगाला देऊ नये. थोडाच, पण ठरलेला आणि मोजला जाणारा वेळ द्यावा. आज त्याची मोजदाद कुठेच होत नाही. बढतीसाठी शोधनिबंध मोजतात, कारखान्यातला अडलेला प्रश्न सुटला तर त्याला गुण नाहीत. हे बदलल्याशिवाय प्राध्यापकांच्या सदिच्छेवर भरवसा ठेवणे त्यांच्यावरही अन्याय आहे.

दुसरा आक्षेप, जनतेच्या पैशातून झालेले संशोधन एका कंपनीच्या पेटंटात अडकेल. अमेरिकेने १९८० च्या कायद्याने सरकारी पैशातून झालेल्या शोधांची मालकी विद्यापीठांना दिली. त्या धर्तीवर आपल्याकडेही २००८ साली विधेयक आले होते, ते पुढे मागे घेतले गेले. सामूहिक सहकार्यात हा धोका कमी असतो, कारण त्याचे फळ बहुधा खुले असते. वेंगुर्ला-४ चे कलम कोणीही लावू शकतो. जिथे नावाचे रक्षण करायचे असते, तिथेही मालकी सामूहिक ठेवता येते. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक निर्देशांक मिळाला, तेव्हा नोंदणी करणाऱ्यांत कृषी विद्यापीठ आणि बागायतदारांच्या संस्था दोन्ही होत्या. हा नमुना अनुकरण करण्यासारखा आहे.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे : एवढ्या छोट्या उद्योगासाठी एवढा खटाटोप कशाला, त्यापेक्षा एक मोठा कारखाना आणा. मोठा कारखाना आला तर त्याचे संशोधन त्याच्या मुख्यालयात होईल आणि इथे फक्त काम होईल. काजू, कोकम, आंबा आणि मासळी यांचे मूल्य वाढवण्याचे ज्ञान इथे साठले, तर ते इथेच राहते. छोट्या युनिटांचे लहानपण ही अडचण आहे, पण ती एकत्र येऊन प्रश्न विचारण्याने भरून निघते. दापोली आणि वेंगुर्ल्याचा अनुभव हेच सांगतो.

९. ओरोसपासून सुरुवात

ओरोसला जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद आणि जिल्हा उद्योग केंद्र एकाच परिसरात आहेत. वेंगुर्ले, मुळदे, मालवण, कणकवली आणि किर्लोस या सगळ्यांच्या मध्ये हे ठिकाण येते. नवी इमारत बांधण्याआधी इथे तीन-चार माणसांचे एक छोटे केंद्र सुरू करता येईल. त्यातला एक अन्नप्रक्रिया जाणणारा असावा, एक यंत्रे जाणणारा आणि एक हिशेब व परवाने जाणणारा. त्यांनी कार्यालयात बसून न राहता हंगामात कारखान्यांत, बागांत आणि बंदरांवर जावे. ऐकलेला प्रत्येक प्रश्न नोंदवावा, सारखे प्रश्न एकत्र करावेत आणि प्रत्येकासाठी संशोधक, खर्च आणि मुदत ठरवावी. अभियांत्रिकी आणि उद्यानविद्येच्या विद्यार्थ्यांचे शेवटच्या वर्षाचे प्रकल्प या नोंदीतून निवडावेत. आज असे प्रकल्प वर्षअखेरीस कपाटात जातात. ते मग त्याच जिल्ह्यातल्या कुणाच्या तरी कामाला येतील. बोंडूसारख्या मोठ्या प्रश्नासाठी तीन हंगाम चालवून पाहायचे एक प्रात्यक्षिक युनिट काढावे. चालले तर ते सहकारी संस्थेला किंवा उद्योजकाला विकावे, आणि नाही चालले तर का नाही, ते जाहीर करावे. अपयशाचे कारण जाहीर झाले तर पुढच्याचे पैसे वाचतात. संशोधनाचा तो फायदा आपण कधी मोजत नाही.

हे केंद्र यशस्वी झाले की नाही, हे किती करारांवर सह्या झाल्या यावरून ठरू नये. वर्षात किती प्रश्न आले, त्यांतले किती सुटले आणि सुटलेले उत्तर किती युनिटांत चालू आहे, हे तीन आकडे दरवर्षी प्रसिद्ध झाले तर पुरे. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. इथली मुले शिकतात आणि मुंबई, पुणे, गोव्याला जातात. शिक्षणाला साजेसे काम इथे फार कमी असते, हे त्याचे एक मोठे कारण आहे. कारखान्यातला प्रश्न घेऊन प्रयोगशाळेत जाणे, उत्तर घेऊन परत येणे आणि ते यंत्रावर बसवून दाखवणे हे शिकलेल्या तरुणाला पगारावर करता येईल असे प्रतिष्ठेचे काम आहे. अशी दहा-वीस पदे निर्माण करायला जिल्ह्याला नवे विद्यापीठ लागत नाही. लागतो तो हे काम करण्याजोगे आहे असा निर्णय आणि दरवर्षीच्या अंदाजपत्रकात त्याच्यासाठी एक ओळ.